गॅसच्या नंबरावर तरलेलं डोमेन

लोकांची डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, आणि सर्व्हर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. नागपूरच्या आयटी पार्कमध्ये एक छोटी कंपनी आहे, तिथे. आम्ही दिवसभर हॅकरांशी लढतो असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर निम्मा दिवस मालक कोण हे शोधण्यात जातो. दुकान एकाचं, डोमेन मेहुण्याच्या नावावर, मेहुण्याशी बोलणं बंद, आणि पासवर्ड वेबसाइट बनवणाऱ्या पोट्ट्याकडे, जो कधीचाच बंगळूरला निघून गेला.

हीच गत आमच्या स्वतःच्या प्रकल्पाची झाली. कंपनीचं काम नव्हे हे, फावल्या वेळातलं. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षर-संकेतात, आणणारं मुक्त सॉफ्टवेअर. एका प्राध्यापकांनी ते सुरू केलं, आम्ही त्यांना काका म्हणायचो. पुढे आम्ही दहाबारा जण चिकटलो.

थोडं कौतुक करू द्या. जुन्या फाँटमध्ये अक्षरं जशी दिसतात त्याच क्रमाने साठवलेली असतात. ‘मार्मिक’ लिहिलं की पहिली वेलांटी म-च्या आधी, रफार म-च्या नंतर. युनिकोडला दोन्ही उलटं हवं: र् आधी, वेलांटी मागून. एका अक्षराच्या दोन बाजूंना दोन उड्या, आणि मध्ये जोडाक्षर असलं तर उडी किती लांब मारायची ते ठरवायचं. त्यात आपला ‘ऱ्य’. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगरदऱ्या इतका फरक. तो पुसणारे कन्व्हर्टर मी पैसे देऊन घेतलेलेही पाहिलेत. काकांनी एकेका फाँटचा तक्ता हाताने केला होता. नागपूरच्या महाल भागातल्या छापखान्यांत बसून, ऑपरेटरला चहा पाजत.

काका दिवाळीनंतर गेले. आम्ही ग्रुपवर हात जोडले, पुढच्या आवृत्तीत त्यांच्या नावाची ओळ टाकायची ठरवली. डोमेन कुणाच्या नावावर आहे हे कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही, जिचा तो धंदा आहे.

मे महिन्याच्या शेवटी एका छापखान्यातून फोन आला. नवा कॉम्प्युटर घेतलाय, तुमची साइट उघडत नाही. पाहिलं तर डोमेनची मुदत कधीचीच संपलेली. अशा नावांना आधी 45 दिवसांपर्यंत सवलत मिळते, मग 30 दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, ज्यात नाव बंद पडतं पण जबर दंड भरून सोडवता येतं. त्यानंतरचे 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते बाजारात. सुटलेली नावं टिपायला बसलेले प्रोग्रॅम असतात, ते सेकंदाचीही वाट बघत नाहीत. आमचा तो रिडेम्प्शनचा 28 वा दिवस होता. ग्रुपवर विचारलं तर तिघांनी सांगितलं, ‘हो, साइट बंद दिसली होती, वाटलं कुणीतरी बघून राहिलं असेल.’

साइट गेली तर गेली, कोड प्रत्येकाकडे आहे. कोड आम्ही ज्यात सांभाळतो त्या गिटमध्ये प्रत्येक प्रतीत सगळा इतिहास असतो. भीती वेगळी होती. आमचं सॉफ्टवेअर उघडलं की त्या पत्त्यावर नवी आवृत्ती आली का ते विचारतं, आणि मिळेल ते उतरवून घेतं. उतरवलेलं आमचंच आहे का हे सांगणारी डिजिटल सही तपासणं ‘पुढच्या आवृत्तीत’ होतं, तीन वर्षांपासून. उद्या ते नाव कुणी घेतलं तर मराठी छापखान्यांच्या कॉम्प्युटरवर त्याला हवं ते पाठवता आलं असतं.

डोमेनचं खातं काकांच्या कॉलेजच्या ईमेलवर. तो ईमेल निवृत्तीबरोबर बंद. उरला मोबाइल नंबर. मी तो लावला, आणि वाजला! काकूंनी उचलला.

साहेबांना अर्धा दिवस मागितला. ‘फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी उन्हात काहून धावून राहिली?’ म्हणाले. आमचा अख्खा धंदा फुकटच्या लिनक्सवर उभा आहे, पण ते वादाचे दिवस नव्हते. दुपट्टा गुंडाळला, पर्समध्ये कांदा टाकला आणि ॲक्टिव्हा काढली. महालात पोचेपर्यंत हँडल हातात धरवेना.

काकूंनी कुलर माझ्याकडे वळवला, माठातलं पाणी दिलं. नंबर चालू कसा, विचारलं. ‘गॅसचं बुकिंग त्याच नंबरवरून होतं ना बाई. बंद केला तर सिलिंडर कसं येणार?’ म्हणून दर महिन्याला रिचार्ज. आमच्या दहाबारा जणांच्या चर्चा, मसुदे, मतदानं एकीकडे, आणि प्रकल्पाचं नाव जिवंत होतं ते सिलिंडरमुळे.

मी लॅपटॉप उघडून पासवर्ड बदलायची विनंती टाकली. ओटीपी आला. फोन त्या हातात देईनात. ‘यात त्यांचं सगळं आहे. मी वाचते, तू लिही.’ चष्मा लावला. ‘बेचाळीस. एकोणसाठ. अडुसष्ट.’ मी इंग्रजी शाळेतली. एकोणसाठ म्हणजे 69 टाकले. चुकलं. दुसऱ्यांदा ‘एकोणनव्वद’ आलं, तेव्हा म्हटलं, काकू, एकेक आकडा सांगा. ‘एवढं शिकलीस आणि पाढे नाही आले?’ तिसऱ्या वेळी उघडलं. दंड माझ्या कार्डावरून भरला. आकडा घरी अजून सांगितलेला नाही.

आता जे मनातून जात नाही ते. ग्राहक जेव्हा म्हणतो, ‘वडील गेले, त्यांचा ओटीपी येतो, तेवढ्यानं करून द्या ना मॅडम,’ तेव्हा मी ठामपणे नाही म्हणते. मृत्यूचा दाखला, वारसाचं पत्र, ओळखपत्र, आठवडाभर थांबा. त्या दिवशी माझ्याकडे दोन दिवस होते, आणि मी गेलेल्या माणसाच्या नावाने आत शिरले. काकू शेजारी बसल्या होत्या, त्यांची संमती होती, कागद मी नंतर पाठवले, ते मंजूरही झाले. तरी काउंटरच्या अलीकडे हे उत्तर मी कुणाकडून ऐकून घेतलं नसतं.

आणि त्या कागदांनी डोमेन आलं कुणाच्या नावावर? माझ्या. आमच्याकडे याला बस फॅक्टर म्हणतात: किती माणसं बसखाली आली की काम ठप्प होईल. आधी काका होते, आता मी आहे, आणि नागपुरात ‘आपली बस’ कशी चालते ते मला रोज दिसतं.

त्या रात्री ग्रुप जागा झाला. कायमचं घर कुठे करायचं यावर दीडशे मेसेज. कुणी म्हणे मोठ्या कंपनीच्या जागेवर ठेवा, फुकट आहे. कोड ठेवायला गूगल कोडही फुकट होतं. 2016 च्या जानेवारीत बंद झालं, आम्ही तिथूनच बिऱ्हाड हलवलेलं. कुणी म्हणे बर्लिनच्या कोडबर्गवर, ती निदान सभासदांची नोंदणीकृत संस्था आहे. पुण्याच्या मंडळींनी तर आपल्या संस्थेच्या घटनेचा एकवीस कलमी मसुदाच पाठवला. दंडाची वर्गणी मात्र पहिली आली ती छापखान्यातून.

मला विचाराल तर कोड कुठेही राहू दे, नाव आणि किल्ल्या संस्थेकडे हव्यात. ओपनऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमधून 2010 मध्ये लोक निघाले तेव्हा जुनं नाव ओरॅकल कंपनीकडेच राहिलं. लिबरऑफिस हे नवं नाव रुजवावं लागलं, त्यासाठी फाउंडेशन उभारावं लागलं. फ्रीनोड या गप्पांच्या नेटवर्कच्या ताब्यावरून 2021 मध्ये वाद झाला आणि स्वयंसेवकांनी बाहेर पडून लिबेरा चॅट काढलं. डेबियन या लिनक्स-प्रकल्पाचं बरं, त्यांच्यासाठी 1997 पासून वेगळी संस्था आहे.

आपल्याकडे 1860 च्या सोसायटी कायद्याखाली सात माणसं लागतात, शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंदणी. सही करायला पाच तयार आहेत. दोघांच्या कंपन्यांच्या करारात बाहेरचं पद घ्यायला बंदी आहे. एकजण जर्मनीत. बाकीचे ‘सांगतो’ म्हणालेत. मसुदा लिहिणारेसुद्धा.

परवा काकूंचा फोन आला. गॅसचं बुकिंग आता मुलीच्या नंबरवर केलं आहे, मग हा नंबर बंद केला तर चालेल का, विचारत होत्या. कोड ठेवलाय त्या जागेचं मुख्य खातं अजून काकांचंच आहे, आणि त्याचा ओटीपी याच नंबरवर येतो. महिनाभर थांबा म्हणाले. रिचार्ज मी केला.