सहा नंबरची सुई आणि एकवीस भोके

सकाळच्या वर्गाला एक काकू विणून झालेला काऊल घेऊन आल्या. काऊल म्हणजे डोक्यातून घालायचा बंद मफलर. या काऊलला वरच्या कडेखाली नाडी असते, वारा लागला की ओढून घ्यायची. काकूंचा मात्र नाडी आवळली तरी खांद्यावर लोळत होता.

"ताई, कागदात आहेत तेवढेच टाके घातलेत मी."

मोजले. 132, बरोबर. मोजपट्टी लावली तर घेर 73 सेंमी; हवा होता 60.

विणीच्या सूचनांचा तो कागद अमेरिकेतल्या मुलीने पाठवलेला, त्यात 6 नंबरची सुई. तिकडची 6 नंबर म्हणजे 4 मिमी. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात 6 म्हणजे 5 मिमी, आणि 4 मिमीला 8 नंबर म्हणतात. शिवाय आपला नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांचा वाढला की जाड. त्यामुळे नंबरावर जाऊच नये, मिमी बघावेत. 5 मिमीवर त्यांच्या डीके (मध्यम जाडीच्या) लोकरीचे 10 सेंमीत 22 ऐवजी 18 टाकेच बसले होते. उसवण्याला इलाज नव्हता.

काकूंना आणखी दोन हवे होते, नातवाला जाड लोकरीचा आणि स्वतःला बारीक. "त्यालाही 132 च ना?" नाही. जाड लोकर 6 मिमीवर 10 सेंमीत 14 टाके देत होती, म्हणजे 132 टाक्यांचा घेर 94 सेंमी. बारीक 3.25 मिमीवर 28 देत होती, घेर 47. टाके लोकरीप्रमाणे बदलायचे, सेंटीमीटर तेच ठेवायचे. 60 सेंमीसाठी बारीक 168, डीके 132, जाड 84. लोकर मात्र उलटी लागते: जाडीला मीटर कमी पण वजन जास्त. बारीकला 50 ग्रॅम पुरते, जाडाला 100 हाताशी असू द्यावी.

हे आकडे नमुन्याच्या तुकड्यावरून काढायचे, तोही धुऊन वाळवलेल्या. आणि तुकडा उलटसुलट ओळींचा नको. बहुतेकींचा हात उलट ओळीत सैल पडतो, गोल विणताना ती ओळच नसते, म्हणून काऊल तुकड्यापेक्षा घट्ट येतो. दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर विणावे, ओळ संपली की न फिरवता टाके दुसऱ्या टोकाला सरकवावेत, धागा मागून ढिला आणावा आणि पुन्हा सुलट.

बाकी वीण सोपी. 40 सेंमीच्या गोल सुईवर टाके घालायचे, जोडताना पीळ पडलेला नाही ना बघायचे (पहिल्या फेरीतच बघावे, नंतर उसवावेच लागते). खाली 3 सेंमी दोन सुलट दोन उलट, मग सगळे सुलट. 20 सेंमी झाले की भोकांची फेरी: 4 सुलट, 2 टाके मिळून एक, धागा पुढे, म्हणजे दर सहा टाक्यांना एक भोक. त्यावर 1 सेंमी सुलट, पुन्हा 3 सेंमी दोन सुलट दोन उलट, आणि टाके सैल बंद.

इथे चूक माझी झाली. जाड लोकरीत सहा टाक्यांनी भोके घेतली तर ती चार सेंमीहून लांब पडतात, चुण्या ओबडधोबड दिसतात. म्हणून काकूंना सांगितले, दर 4 टाक्यांनी घ्या. जाड लोकर भराभर सरते, संध्याकाळी काऊल तयार. नाडी ओवायला घेतली तर एक टोक बाहेर, दुसरे आत. 84 भागिले 4, एकवीस भोके. नाडी आत-बाहेर जाते, भोके सम नसली तर टोके एका बाजूला येत नाहीत. टाके 12 च्या पटीत आणि भोक सहा टाक्यांनी असले की भोके आपोआप सम येतात. चारने घ्यायची तर टाके 8 च्या पटीत हवेत. 88 टाके घ्यायला हवे होते, घेर तीनच सेंमी वाढला असता.

उसवायला काकू तयार नव्हत्या. मग मानेमागचे एक भोक सोडून नाडी आतूनच पुढे नेली. नाडी तीन टाक्यांची, 100 सेंमी, आणि मुद्दाम डीके लोकरीची. जाड लोकरीची नाडी भोकात अडकते आणि गाठ हनुवटीला टोचते.