पाट्या जातील!

आमच्या घरी सिनेमाला उशीर होणं म्हणजे पाट्या चुकणं. ‘टायटल्स’ हा शब्द फार नंतर कानावर आला. आई आरशासमोर पदर नीट करत उभी राहिली की बाबा दारातून ओरडायचे, “अगं, पाट्या जातील!” मग भागवत थिएटरला धावत पोचायचं आणि डोअरकीपरच्या बॅटरीमागून लोकांचे पाय तुडवत खुर्च्या गाठायच्या. बाकीच्या पब्लिकला पाट्या म्हणजे जागा शोधायला आणि शेंगा सोलायला मिळालेला वेळ.

बाबा चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या, चादरीवर मोर असो की कारखान्याचं नाव, आधी ते चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढावं लागतं. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. या हिशेबात गोलाई म्हणून काही नसतंच, सगळ्या पायऱ्या. ‘ळ’ फार छळतो म्हणायचे. म्हणूनच पडद्यावर एखादं वळणदार नाव उमटलं की ते खुर्चीत पुढे सरकून बसत. पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडग्यांची अक्षरं तर कात्रीनं कापून ठेवत. सिनेमाची गोष्ट त्यांना विचारू नये. नाव कसं आलं, ते सांगतील.

परवा त्यांना मोबाइलवर सॉल बास या अमेरिकन डिझायनरनं केलेल्या पाट्या दाखवल्या. 1955 चा ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’: काळ्यावर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या आणि शेवटी त्यांचाच झालेला वाकडातिकडा हात. तोवर तिकडे कित्येक थिएटरांत नावं मिटलेल्या पडद्यावरच दाखवत, ती संपली की पडदा सरकवत. या सिनेमाच्या रिळांच्या डब्यांवर मात्र सूचना होती: पाट्यांआधी पडदा उघडा. हे ऐकून बाबा खूश. “म्हणजे तिकडंही सांगावंच लागलं!”

‘व्हर्टिगो’तला डोळ्यातून गरगरत येणारा भोवरा त्यांना आवडला नाही. चक्कर येते म्हणाले. (त्याचसाठी तर केलाय तो, पण मी गप्प बसलो.) 1960 चा ‘सायको’ मात्र तीनदा लावायला लावला. करड्या रेघा बाजूनं, वरून, खालून धावत येतात. नावाचे तुकडे जुळतात, घटकाभर वाचता येतात, परत फाटतात. दुसऱ्या वेळी त्यांनी व्हायोलिनचा आवाज बंद करायला सांगितला आणि नुसते बघत राहिले.

“उभा-आडवा,” म्हणाले. “हा मागावर बसलेला माणूस आहे.”

बास न्यूयॉर्कचा, पोस्टर-जाहिरातींतून आलेला. मी दुरुस्ती केली नाही.

हल्ली मालिका लावली की कोपऱ्यात पाट्या वगळायचं बटण येतं. माझ्या लेकीचा अंगठा तयारच असतो. खरं सांगायचं तर काही पाट्या त्याच लायकीच्या असतात: ड्रोनवरून शहर, थोडा धूर, सोनेरी अक्षरं. पण आजोबा शेजारी असले की तिची डाळ शिजत नाही. रिमोट त्यांच्या चादरीखाली असतो.

त्या चादरीच्या टोकाला कारखान्याचं विणलेलं नाव आहे, बाबांच्याच ग्राफवरचं. अंथरूण घालताना आई ते पायाकडे करते. नाव काय तोंडावर घ्यायचंय, म्हणते. ती दिवा मालवायला गेली की बाबा चादर फिरवून घेतात.