दुभाजकाजवळची नऊ सेकंदं

टेम्पोचा आरसा माझ्या कोपराला लागला तेव्हा मी अगदी कडेनं सायकल चालवत होते. हे आधीच सांगते, कारण नंतर ज्याला ज्याला हा प्रसंग सांगितला त्यानं पहिलं तेच विचारलं. हो, कडेनंच. इतकी कडेनं, की डावं पेडल फुटपाथच्या दगडाला घासेल की काय असं वाटत होतं.

नवी मुंबईत नेरुळमध्ये आतल्या रस्त्यावर एका शाळेसमोर मुलांना दोन टप्प्यांत रस्ता ओलांडता यावा म्हणून मधोमध बेट बांधलंय, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं. तिथे रस्ता एकदम आवळतो. मी बेटाशी पोचले, मागून टेम्पोनं हॉर्न दिला आणि माझ्या नि बेटाच्या मधून तो सरळ घुसला. मी पडले नाही. पाय टेकला, सायकल फुटपाथवर चढवली आणि हात थरथरायचा थांबेपर्यंत तिथेच बसून राहिले. कोपर पंधरा दिवस काळंनिळं होतं. सायकलही तेवढेच दिवस जिन्याखाली पडून राहिली.

माझं ऑफिस वाशीला. घरापासून साडेसहा किलोमीटर, रमतगमत गेलं तरी अर्धा तास. ही सायकल मला फार प्रिय आहे. सकाळी खाडीकडून येणारा वारा, हिवाळ्यात करावेच्या बाजूला उतरलेले फ्लेमिंगो, आणि ऑफिसात पोचेपर्यंत डोकं कसं मोकळं झालेलं असतं. ते सोडून पुन्हा रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, या विचारानंच मला रडू येत होतं.

माझी भाची इंग्लंडला शिकायला आहे आणि कॉलेजला सायकलनं जाते. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू कडेनं चालवतेस म्हणूनच तो घुसला. तू त्याला जागा दिसू दिलीस." मला राग आला. मार मलाच लागला आणि चूकही माझीच? मग तिनं समजावून सांगितलं. चूक टेम्पोवाल्याचीच, पण तो पुढे काय करणार हे मी रस्त्यावर कुठे आहे त्यावरून ठरतं. तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, म्हणजे ‘हायवे कोड’मध्ये, 2022 च्या जानेवारीत सुधारणा झाली आणि त्यात हे स्पष्ट लिहिलंय : रस्ता अरुंद होतो तिथे, चौकाजवळ येताना आणि सावकाश वाहतुकीत सायकल लेनच्या मधोमध चालवावी, गाड्या वेगानं जात असतील तर डावीकडे राहावं, पण कडेपासून निदान अर्धा मीटर सोडून. ओव्हरटेक करणाऱ्यानं ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगात निदान दीड मीटर अंतर ठेवायचं. जर्मनीत तर 2020 पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर नियमातच आहे.

इंग्लंडचा नियम नेरुळच्या टेम्पोवाल्याला कोण सांगणार? पण अंतर तर दोन्हीकडे सारखंच मोजलं जातं. रविवारी सकाळी सहाला मी मापाची टेप घेऊन त्या बेटाशी गेले. फुटपाथपासून बेटापर्यंत साडेतीन मीटर भरले. माझं हँडल 60 सेंटीमीटर रुंद. चाक कडेपासून अर्ध्या मीटरवर ठेवलं तर हँडलचं उजवं टोक 80 सेंटीमीटरवर येतं. उरले दोन मीटर 70. आरशांसकट टेम्पो दोन मीटरचा धरला तर उरतात 70 सेंटीमीटर, आणि त्यातच त्याला बेटापासूनही जपायचं. म्हणजे तिथे मला ओव्हरटेक करणं सुरक्षित असूच शकत नाही, मी कितीही अंग चोरलं तरी. मागच्या माणसाला मात्र ती जागा पुरेशी वाटते, कारण मी ती मोकळी सोडलेली असते.

टेप गुंडाळताना मी ठरवलं, बेटाआधी मधे यायचं. पण ठरवणं आणि मधे येणं यात दोन आठवडे गेले. सगळ्यात अवघड होतं मान वळवून मागे बघणं. माझी मान वळली की हँडलही वळायचं. सोसायटीच्या आवारात रोज संध्याकाळी सरळ रेघेवर सायकल चालवत उजव्या खांद्यावरून मागे बघायचा सराव केला. मुलगा मागे उभा राहून बोटं दाखवायचा आणि मी ती किती ते सांगायचं. हे जमल्याशिवाय पुढचं काहीच उपयोगाचं नाही, असं माझं ठाम मत झालंय. आरसा लावला तरी मान वळवायचीच, कारण मान वळलेली मागच्याला दिसते. ही बाई आता काहीतरी करणार, हे त्याला कळतं.

मग क्रम असा बसला. बेटाच्या तीस-चाळीस मीटर आधी मागे बघायचं, फट असेल तर उजवा हात बाहेर काढायचा आणि हळूहळू लेनच्या मध्यावर यायचं. ऐनवेळी बेटाशी येऊन झटकन आत शिरायचं नाही, त्यात जीव जाईल. बेट मागे पडलं की परत डावीकडे सरकायचं आणि हातानं ‘या पुढे’ अशी खूण करायची. ती खूण मी कधीच चुकवत नाही. थांबलेल्या माणसाला आपण पाहिलंय, हे त्याला कळायला हवं.

पहिल्या दिवशी मागून हॉर्नवर हॉर्न वाजला. पाठ ताठ झाली, पण कडेला गेले नाही. रिक्षा होती. बेट ओलांडल्यावर रिक्षावाला बाजूला येऊन म्हणाला, "ताई, साईडनं चालवा ना!" मी म्हटलं, "दादा, इथे दोघांना जागा नाही. पुढे सोडलं ना लगेच?" तो काही न बोलता गेला. घरी येऊन हिशेब केला. अरुंद पट्टा साधारण चाळीस मीटरचा आणि माझा वेग ताशी सोळा किलोमीटर. म्हणजे नऊ सेकंदं. त्याला माझ्यामागे नऊ सेकंदं थांबावं लागलं होतं.

वाटेत एका ठिकाणी सायकलसाठी पट्टा आखलेला आहे. सुरुवातीला मी इमानदारीनं त्याच्यातूनच जायची. पण त्यात गाड्या उभ्या असतात, समोरून उलट्या बाजूनं स्कूटर येतात, आणि बसस्टॉपपाशी पट्टा अचानक संपून मला वळसा घालून थेट बसच्या पुढ्यात काढतो. सायकल ट्रॅकवर मोटार वाहन न्यायचं नाही, हे आपल्या रस्त्याच्या नियमांत 1989 पासून लिहिलेलं आहे. पट्टा मोकळा असेल तेव्हा मी आनंदानं तो वापरते. अडलेला असेल तर आधीपासूनच रस्त्यावर राहते. आत-बाहेर, आत-बाहेर करणं सगळ्यात धोक्याचं. उभ्या गाड्यांपासून एक मीटर लांब राहते, कारण ड्रायव्हरचं दार आपल्या बाजूला उघडतं. माझ्या नवऱ्याला आता गाडीचं दार डाव्या हातानं उघडायची सवय लावली आहे. डावा हात दारापर्यंत नेताना खांदा वळतो आणि मागची सायकल आपोआप दिसते.

पाम बीच रोडवर मात्र मी मधे येत नाही. तिथे गाड्यांचा वेग इतका असतो, की मागच्याला मी दिसून ब्रेक लागेपर्यंत वेळच उरत नाही. मोठ्या चौकात उजवीकडे जायचं असेल तर उतरते आणि सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून जाते. चार मिनिटं जास्त लागतात. सिग्नलला बस किंवा डंपर उभा असेल तर त्याच्या डाव्या अंगानं पुढे जात नाही, कितीही जागा दिसली तरी. त्यानं डावीकडे वळण घेतलं, तर ड्रायव्हरला मी दिसतच नाही.

गेल्या सोमवारपासून शेजारच्या वहिनी माझ्याबरोबर सानपाड्यापर्यंत येतात. त्या पुढे, मी मागे. शाळेचं बेट आलं आणि त्या सवयीनं कडेला सरकल्या. मागे शाळेची बस होती. मी मधेच राहिले, म्हणून बसही मागेच राहिली. पुढे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही मधे काय करत होतात? मला वाटलं, बसखाली जाताय." रविवारी सकाळी सहाला त्यांना टेप घेऊन बोलावलंय.