शब्दपेटीची प्रगती: आशा, इच्छा आणि अपेक्षेचा कप्पा

इंग्रजी शब्दांच्या पेटीतला हा कप्पा नव्याने लावून झाला आहे. बहुतेकांच्या पेटीत कार्डाच्या समोर इंग्रजी शब्द आणि मागे मराठी अर्थ असतो. इतर कप्प्यांत ते चालून जातं, इथे अजिबात चालत नाही. विशच्या मागे इच्छा, वॉन्टच्या मागे इच्छा, डिझायरच्या मागे परत इच्छा! तीन कार्डांच्या पाठीवर एकच शब्द आला की ती कार्डं नुसती जागा अडवतात. म्हणून नवी मांडणी अर्थावर नाही, शब्दाच्या पुढे काय जोडता येतं त्यावर केली आहे. मराठी अर्थ कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिला तरी पुरे.

कार्ड ३ × ५ इंचाचं, जाड कागदाचं घ्या. समोर शब्द आणि खाली तीन प्रश्न: पुढे ‘टू’ येतो का, ‘दॅट’ येतो का, मध्ये माणूस बसतो का. मागे एक बरोबर वाक्य निळ्या शाईत आणि आपल्याकडे हमखास होणारं चुकीचं वाक्य लाल शाईत, फुली मारून. लिहायला बॉलपेनच. नागपुरात एप्रिलपासून कूलर सुरू होतात, त्या दमट हवेत कार्डं मऊ पडतात आणि जेल पेनची शाई फुटते. पेटीही कूलरच्या झोतात ठेवू नका.

तीन प्रश्नांची उत्तरं मांडली की अर्धं काम होतं. होप: टू चालतो, दॅट चालतो, माणूस बसत नाही. वॉन्ट: टू चालतो, दॅट नाही, माणूस बसतो. एक्स्पेक्ट: तिन्ही चालतात. ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ हे वाक्य ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातल्या ‘असं’मुळे तयार होतं, बरोबर वाक्य ‘आय वॉन्ट यू टू कम’. हा साचा पाठ झाला की तो होपलाही लावला जातो आणि ‘आय होप यू टू कम’ जन्माला येतं. तिथे ‘आय होप यू कम’ किंवा ‘आय होप यू विल कम’ हवं. म्हणून वॉन्ट आणि होप यांची कार्डं पेटीत शेजारी शेजारी ठेवली आहेत, एरवी त्यांचा संबंध नसला तरी.

होपच्या कार्डावर आणखी दोन ओळी लागतात. पुढच्या काळाबद्दल बोलतानाही साधा वर्तमानकाळ चालतो: ‘आय होप इट रेन्स बिफोर पोळा.’ आणि नकार पुढे जातो: ‘आय होप नॉट.’ ‘आय डोन्ट थिंक सो’च्या चालीवर ‘आय डोन्ट होप सो’ म्हणतात, ते चूक.

खरी मजा विशमध्ये आहे, आणि मराठी माणसाला हा शब्द सोपा जायला हवा. विशनंतर क्रियापद एक पायरी मागे सरकतं: आत्ताची गोष्ट भूतकाळात, होऊन गेलेली त्याच्याही मागच्या रूपात. आपलं ‘असता-असती’ हेच करतं. ‘आज सुट्टी असती तर!’ म्हणताना सुट्टी नाही हे ठरलेलं आहे. इंग्रजीत ‘आय विश इट वॉज अ हॉलिडे.’ ‘आज सुट्टी असली तर बरं’ म्हणताना अजून माहीत नाही, तिथे ‘आय होप इट इज अ हॉलिडे.’ विशच्या कार्डावर ही चाचणी मोठ्या अक्षरात लिहा: मनातल्या मराठी वाक्यात असता, असती, झालं असतं आलं की विश, असेल, होईल, असली तर आलं की होप. दुसऱ्याच्या सवयीचा वैताग असेल तर ‘वुड’ येतो: ‘आय विश ही वुड स्टॉप हाँकिंग.’ स्वतःबद्दल मात्र ‘आय विश आय वुड’ म्हणत नाहीत, ‘कुड’ वापरतात. शुभेच्छांचा विश निराळा, त्याला काळाची अट नाही: ‘आय विश यू लक.’ तिथे होप बसवता येत नाही.

एक्स्पेक्टच्या कार्डाला लाल पट्टी लावली आहे. आपल्या निमंत्रणपत्रात ‘आपण उपस्थित राहाल अशी अपेक्षा आहे’ हे सभ्य वाक्य. तेच ‘वी एक्स्पेक्ट यू टू अटेंड’ केलं की साहेबाने हजेरीचा हुकूम काढल्यासारखं ऐकू येतं. माणसाकडून एक्स्पेक्ट म्हणजे ते त्याचं कर्तव्यच आहे, असा सूर लागतो. गोष्टीबद्दल बोलताना तो सूर नसतो: ‘ग्रोअर्स एक्स्पेक्ट अ गुड मृग बहार’ हे संत्र्याच्या बागेबद्दलचं साधं अनुमान आहे. पत्रासाठी ‘वी होप यू कॅन जॉइन अस’ पुरतं. त्याहून मऊ हवं असेल तर ‘आय वॉज होपिंग यू कुड कम.’ इथला भूतकाळ काळ दाखवत नाही, भीड दाखवतो.

आणि ‘शी इज एक्स्पेक्टिंग’ एवढंच म्हटलं तर अर्थ होतो बाई गरोदर आहे. पुढे कर्म लिहायला विसरू नका.

रोजेचा थिसॉरस, म्हणजे इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश (पहिली आवृत्ती १८५२), इथे उपयोगी पडतो. त्यात शब्द वर्णानुक्रमे नाहीत, कल्पनांप्रमाणे १००० शीर्षकांत लावले होते. जुन्या आवृत्त्यांत एक्स्पेक्टेशन ५०७ क्रमांकावर, बुद्धीच्या वर्गात. होप ८५८ आणि डिझायर ८६५, दोन्ही भावनांच्या वर्गात. ही वाटणी आम्हाला पटते. एक्स्पेक्टमध्ये हिशेब असतो, मन असेलच असं नाही. वाईट गोष्टही एक्स्पेक्ट करता येते, होप करता येत नाही.

‘-इंग’बद्दल नागपूरकरांनी जरा सावध राहावं. ‘वाटून राहिलं’, ‘पाहून राहिलो’ तोंडात बसलेलं असल्याने ‘आय ॲम वॉन्टिंग’ सहज निघून जातं. होपिंग ठीक, एक्स्पेक्टिंग ठीक, पण वॉन्ट आणि डिझायर साध्या रूपातच शोभतात.

शब्दयोगींची कार्डं निम्मी झाली आहेत. लाँग फॉर, यर्न फॉर, होप फॉर, ॲस्पायर टू, हँकर आफ्टर. क्रेव्ह आणि डिझायर क्रियापद असताना फॉर घेत नाहीत, नाम झाले की घेतात: ‘आय क्रेव्ह पोहे’, पण ‘अ क्रेव्हिंग फॉर पोहे’. लुक फॉरवर्ड टू मधला ‘टू’ शब्दयोगी आहे, म्हणून पुढे ‘मीटिंग’ येतं, ‘मीट’ नाही. तपासायचं असेल तर जागी नाम घालून बघा: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मारबत’ (पोळ्यानंतरची नागपूरची मिरवणूक) जमतं ना? मग क्रियापदालाही ‘-इंग’ लागणार.

व्युत्पत्तीची कार्डं वेगळ्या पिवळ्या कागदावर, आणि कमीच. वॉन्टचं मूळ जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, अर्थ ‘उणीव असणे’. ‘फॉर वॉन्ट ऑफ’मध्ये तो अजून जिवंत आहे. डिस्पेअर (निराश होणे) म्हणजे लॅटिन ‘स्पेरारे’, आशा करणे, त्याच्या आधी ‘दे’. फसवा शब्द एकच: फॉरलॉर्न होप. हा डच ‘फर्लोरन होप’वरून आला, आणि त्यातला होप म्हणजे सैनिकांची तुकडी. वेढ्यात पहिला हल्ला करणाऱ्या तुकडीचं हे नाव होतं. आशेशी नातं नंतर, नुसत्या उच्चारसाम्यामुळे जुळलं. ते कार्ड होपच्या मागे लावू नका.

बाकी आहे होपफुली. वाक्याच्या सुरुवातीला ‘आशा आहे की’ या अर्थाने तो वापरावा की नाही यावर इंग्रजीत बरीच वर्षं भांडण चाललं. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१२ मध्ये तो मान्य केला. आम्ही बोलण्याच्या वाक्यांत घेणार आहोत, अर्जात नाही. अँटिसिपेटचं कार्डही कोरं आहे: त्यापुढे नाम किंवा ‘-इंग’ चालतं, ‘टू’ नाही, एवढं नक्की. ते एक्स्पेक्टशेजारी ठेवायचं की वेगळं, हे तेवढं ठरायचं आहे.