मेळघाटातली माझी पहिली-दुसरी

मेळघाटात बदली झाली तेव्हा लोकांनी वाघ, रस्ते आणि मोबाईलची रेंज यांबद्दल भरपूर सांगितलं. पहिलीतल्या पोरांना माझं बोलणं कळणार नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. धारणी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत बहुतेक मुलं कोरकू. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती संथाली, मुंडारीच्या कुळातली, आणि 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात होते. मुलं हजेरीला "हजर मॅडम" म्हणत आणि मग दिवसभर गप्प. पाहायला येणारे त्याला शिस्त म्हणून जात.

मुलांची संस्कृती शाळेत आणायची म्हणजे काय, याचं एक ठरलेलं उत्तर आधीच भिंतीवर होतं: वारली चित्रं! वारली पालघरकडचे, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. पण आदिवासी शाळा म्हटलं की रंगारीही तेच काढतो. शिवाय 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, पोरांच्या डोक्याला पिसं बांधून फोटो. माझा त्याला विरोध नाही, पण 10 तारखेला फळ्यावर पुन्हा 'अननस' असतं.

मी सुरुवात केली अंगणवाडीच्या मदतनीस ताईंपासून. त्या गावातल्याच, कोरकू. अंगणवाडी आमच्याच आवारात, त्यामुळे खाऊ वाटून झाला की त्या थोडा वेळ माझ्या वर्गात येऊन बसायच्या. मी चित्र दाखवायचं, त्यांनी कोरकूत विचारायचं, मुलांनी हवं त्या भाषेत सांगायचं. मराठी शब्द मी शेवटी द्यायचा. छापील चित्रसंचातलं जहाज बाजूला ठेवलं आणि जुन्या पुठ्ठ्यांवर मोह, कुटकी, बांबूची टोपली काढली. गावाचा नकाशा तर मुलांनीच खडूनं व्हरांड्यात काढला. कोरकू गावात घरं समोरासमोर दोन रांगांत असतात, त्यामुळे कुणाचं घर कुठलं यावर जोरदार भांडण झालं. त्या भांडणात मला पहिल्यांदा काही मुलांचे आवाज ऐकू आले.

डी.एड.ला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ अभ्यासाला होत्या. 1945 साली बोर्डीत सुरू झालेलं काम, मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांच्या अंगणात नेलेली बालवाडी. परीक्षेत पाच मार्कांची टीप होती ती. इथे आल्यावर समजलं की एवढं सगळं पाच मार्कांत उरकलं होतं.

पालकसभेत विरोध झाला. एक वडील उठून म्हणाले, "मॅडम, कोरकू तो घरमेंच आती है, इसकू मराठी सिखाव." त्यांचं चुकत नव्हतं. धारणीच्या बाजारात आणि दवाखान्यात त्यांना कोरकूनं काही मिळालेलं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्यतो पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हटलंय, हे केंद्रप्रमुखांपुढे कामाला येतं, पालकांपुढे नाही. त्या वडिलांना मी वर्गात येऊन बसायला सांगितलं.

त्या दिवशी दुसरीचं दशक-एकक चाललं होतं. उन्हाळ्यात इथे घरोघरी तेंदूपानांची पुडकी बांधतात, एका पुडक्यात सत्तर पानं. शाळेमागची पळसाची पानं आणून मी म्हटलं, पुडकं करून दाखवा. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी पुढे आली. पाच पानं घेतली, देठं एका बाजूला केली, बोटांनी कडा जुळवल्या, की पुढची पाच. दहाची चळत झाली की बाजूला. सात चळती एकावर एक ठेवून तिनं सालीची गाठ मारली. "सत्तरात किती दशक?" विचारल्यावर एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं माझ्याकडे बघत तिनं सात बोटं दाखवली. ते वडील पुढच्या सभेत काही बोलले नाहीत, पण दोरखंड वळून दाखवायला स्वतःहून आले.

सगळं कोरकू केलं की सगळे सामावले, असंही नाही. वर्गात गवळ्यांची मुलं आहेत, निहाल या इथल्याच दुसऱ्या समाजाची आहेत, आणि मोठ्यांची उतरंड पोरांच्या बसण्यात बरोबर उतरते. निहाल मुलं जेवायला शेवटी बसायची. आता गट चिठ्ठ्या टाकून पाडते आणि वाढायचं काम आळीपाळीनं देते. तक्रारी आल्या, अजूनही येतात.

होळी हा इथला वर्षाचा सर्वांत मोठा सण. त्या आठवड्यात शाळा ओस पडते आणि हजेरीपटावरून वरून विचारणा होते. मी उजळणी आधी उरकते आणि नंतरचे दिवस होळीत काय काय केलं हे सांगण्यासाठी ठेवते. मुलं बोलतात, ताई आणि मी लिहून घेतो, तोच वाचनाचा धडा.

दिवाळीनंतर कामाला बाहेर पडणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी मात्र यातलं काही पुरत नाही. त्यांना शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. त्या पत्रकाला मी आता एक चिठ्ठी जोडते: मूल घरी कोरकू बोलतं, हिंदी समजतं, मराठी ऐकून कळते पण बोलायला वेळ घेतं, गणित पानांवर पटकन करतं. तिकडच्या कुठल्या बाईंनी किंवा गुरुजींनी ती वाचली, तर फोन करता यावा म्हणून खाली माझा नंबरही लिहिते.