ग्रुप लीडरचे मार्क बाकीच्यांच्या व्हायवावर

बीईच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये लीडर कसा ठरतो हे आपल्याकडे इंजिनिअरिंगला शिकवणाऱ्या कोणालाही माहितीये, ज्याचा पॉइंटर, म्हणजे ग्रेडची सरासरी, जास्त तो लीडर. मग टॉपिक तोच शोधतो, कॅड मॉडेल तोच करतो, रात्र रात्र जागून पीपीटी आणि ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील रिपोर्ट) पण त्याचंच, आणि बाकीचे तिघं व्हायवाच्या आधी बाहेर पॅसेजमध्ये त्याला विचारतात, अरे आपलं प्रोजेक्ट थोडक्यात सांग ना. आणि आपण सर लोक त्याच पोराचं कौतुक करतो. मला हे फार खटकतं.

सर्व्हंट लीडरशिप, म्हणजे आधी सेवा आणि मग नेतृत्व, शिकवताना खरी अडचण इथेच येते, कारण पोरांना वाटतं की सगळ्यांचं काम आपण केलं म्हणजे झाली की सेवा! रॉबर्ट ग्रीनलीफ म्हणून एक गृहस्थ होते, अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत त्यांची अख्खी नोकरी गेली आणि रिटायर झाल्यावर १९७० मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दिलेली कसोटी मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो: तुम्ही ज्यांच्यासाठी झटताय ती माणसं वाढतायत का, जास्त शहाणी, जास्त मोकळी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी होतायत का, आणि उद्या तीपण दुसऱ्यांसाठी असंच करतील का. या कसोटीवर आपला रात्रभर जागणारा टॉपर नापास होतो. गोड बोलणं, सगळ्यांना चहा आणून देणं याचा इथे फारसा संबंध नाही.

म्हणून माझ्या गाइडशिपखालच्या ग्रुपना एक नियम आहे. इंटर्नल रिव्ह्यूला लीडर शेवटपर्यंत गप्प बसणार, मी बाकीच्यांपैकी कोणालाही प्रोजेक्टमधलं काहीही विचारणार, आणि ती उत्तरं कशी येतात त्यावर लीडरचे मार्क.

एका ग्रुपचं कांदा ग्रेडिंग मशीन होतं, फिरत्या ड्रमचं. लीडर मुलगी हुशार, आणि ग्रुपमध्ये डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला एक मुलगा, लेथवर हात एकदम बसलेला पण इंग्लिशमध्ये प्रश्न आला की मान खाली. तिने त्याला डिझाइनचं चॅप्टर आधी मराठीत लिहायला लावलं, मग दोघांनी बसून इंग्लिश केलं, आणि शाफ्टवर बेअरिंग लूज बसत होतं तेव्हा तीच त्याच्याकडून फिट आणि टॉलरन्स, म्हणजे भाग किती घट्ट बसवायचा आणि मापात किती फरक चालतो, हे शिकली, वर्कशॉपमध्ये उभं राहून. रिव्ह्यूला ड्रमला उतार का दिला हे त्याने अर्धं मराठी अर्धं इंग्लिशमध्ये इतकं व्यवस्थित सांगितलं की पुढचा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. ती बाजूला बसून ऐकत होती, आणि त्या रिव्ह्यूचे पूर्ण मार्क मी तिला दिले.

सतीश धवन यांची गोष्ट बहुतेक पोरांनी ऐकलेली असते, १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं तेव्हा इस्रोचे चेअरमन म्हणून ते स्वतः पत्रकारांसमोर गेले. पोरं तिथेच थांबतात. मी पुढचा भाग सांगतो, १८ जुलै १९८० ला त्याच रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत गेला तेव्हा पत्रकार परिषद त्यांनी प्रोजेक्टचे प्रमुख अब्दुल कलामांना घ्यायला लावली. अपयश अंगावर घेणारे बॉस तरी अधूनमधून भेटतात हो, यशाच्या वेळी खुर्ची सोडणारे फार कमी.

टॉपर लोकांची तक्रार ठरलेली असते, सर माझे मार्क दुसऱ्याच्या हातात का? तक्रार योग्य आहे, आणि एखादा मेंबर खरंच कामाला येतच नसेल तर लीडरने मला महिनाभर आधी सांगायचं, मग मी त्या मेंबरशी बोलतो, एवढी सोय ठेवलीये. पण रिव्ह्यूच्या आदल्या रात्री आलेली तक्रार मी ऐकत नाही, कारण तोपर्यंत त्या मेंबरला काही शिकवायची वेळच निघून गेलेली असते.