कर्झवाइल के२०००: आतली हार्ड डिस्क निवडणं आणि बसवणं, काम कुठवर आलंय

आजची स्थिती: कर्झवाइल के२००० या सिंथमध्ये (सिंथेसायझर, म्हणजे आवाज तयार करणारं वाद्य) मेमरी कार्डवर चालणारी डिस्क आत बसली आहे, चारही इमेज (कार्डावरच्या डिस्कसारख्या वागणाऱ्या फाइली) सिंथमधूनच फॉरमॅट झाल्या आहेत आणि चालू करताच ठरलेला सॅम्पल (मुद्रित आवाजांचा) संच आपोआप लोड होतो. मागच्या पोर्टवर झिप ड्राइव्ह (काढता येणाऱ्या डिस्कचा जुना ड्राइव्ह) जोडून करायची चाचणी तेवढी बाकी आहे. ज्यांच्याकडे के२००० किंवा के२००० आर आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून निवड आणि जोडणी सविस्तर लिहितो. के२५००लाही यातलं बरंचसं लागू पडतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर के२०००ची सॅम्पल रॅम वीज गेली की कोरी होते. आपण तयार केलेले प्रोग्रॅम आणि सेटअप बॅटरीवर टिकतात, सॅम्पल टिकत नाहीत. रॅम ६४ एमबीपर्यंत वाढवता येते, आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीवरून ती भरायची म्हणजे पंचेचाळीसहून जास्त फ्लॉप्या. १९९१च्या आसपास हे यंत्र बाजारात आलं तेव्हाही सॅम्पलिंगचं काम गंभीरपणे करणारे स्कझी (डिस्क वगैरे जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क घेतच होते.

फिरती डिस्क की कार्ड?

जुन्या बाजारात अजूनही ५० पिनी, साडेतीन इंची स्कझी डिस्क मिळतात. त्या घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर बेअरिंग आणि आतलं वंगण म्हातारं झालेलं असतं. दुसरं म्हणजे अशी डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या लाइनवरून क्षणभर एक अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढते, आणि तीस वर्षांच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर ते सोसतीलच याची खात्री नाही. तिसरं, उष्णता आणि घरघर. ६८ किंवा ८० पिनी सर्व्हर डिस्क स्वस्त दिसतात, पण त्यांना ५० पिनांवर उतरवणाऱ्या अडॅप्टरमध्ये वरच्या आठ डेटा लाइनींचं टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परतू नये म्हणून लावलेले रेझिस्टर) नसेल तर त्या लाइनी तरंगत राहतात आणि डिस्क कधी दिसते, कधी गायब होते. शिवाय ८० पिनी डिस्कला स्वतःचं टर्मिनेशन नसतंच.

म्हणून कार्डवाला अडॅप्टर, म्हणजे मेमरी कार्डाला स्कझी डिस्कसारखं दाखवणारा बोर्ड. तीन नावं नेहमी पुढे येतात: स्कझी-टू-एसडी, ब्लूस्कझी आणि झुलूस्कझी. स्कझी-टू-एसडीमध्ये कार्डाचे भाग संगणकावरच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून आखावे लागतात आणि कार्ड कच्च्या स्वरूपात लिहिलं जातं, त्यामुळे बॅकअप म्हणजे अख्ख्या कार्डाची प्रत. ब्लूस्कझी आणि झुलूस्कझीमध्ये प्रत्येक डिस्क ही कार्डावरची एक साधी फाइल असते. ती संगणकावर कॉपी केली की बॅकअप झाला. या एका सोयीसाठी ब्लूस्कझीची दुसरी आवृत्ती निवडली. वेगाची चिंता नको. ही आठ बिटांची जुनी बस (यंत्रांना जोडणाऱ्या सामाईक लाइनी) आहे, महाग कार्डाने लोड होण्याचा वेळ कमी होत नाही. चांगल्या कंपनीचं १६ किंवा ३२ जीबीचं कार्ड पुरे.

आकार: मोठी डिस्क म्हणजे चांगली डिस्क नव्हे

के२०००ची फाइल पद्धत डॉसची फॅट-१६ आहे. तिच्यात जास्तीत जास्त ६५ हजारांच्या घरात क्लस्टर (फाइलींना वाटायचे जागेचे तुकडे) मावतात, म्हणून २ जीबीची मर्यादा. पण २ जीबी भरून घेतली की प्रत्येक क्लस्टर ३२ केबीचा होतो, आणि दोन-तीन केबीची प्रोग्रॅमची फाइलही तेवढी जागा अडवते. प्रोग्रॅम, कीमॅप (कोणत्या पट्टीवर कोणतं सॅम्पल वाजेल याची आखणी), छोटे संच असा माल जास्त असेल तर हे फार वाया जाणं आहे.

म्हणून एक मोठी इमेज न करता ५०० एमबीच्या चार केल्या. ५०० एमबी म्हणजे ५१२ बाइटचे १०,२४,००० सेक्टर. ८ केबीच्या क्लस्टरने भागलं तर ६४ हजार क्लस्टर, म्हणजे मर्यादेच्या आत. बरोबर ५१२ एमबी घेतली तर आकडा अगदी काठावर जातो, तो टाळलेला बरा. चार इमेजना स्कझी क्रमांक ०, १, २ आणि ३ दिले. ६ हा के२०००चा स्वतःचा नेहमीचा क्रमांक आहे आणि ७ बहुतेक संगणक घेतात, तेव्हा ते दोन्ही मोकळे ठेवायचे.

ब्लूस्कझी फाइलच्या नावावरूनच सगळं ओळखतो: आधी हार्ड डिस्कची दोन अक्षरं 'एचडी', मग स्कझी क्रमांक, मग शून्य, मग अधोरेषा आणि ५१२, शेवटी 'एचडीए' हे एक्स्टेन्शन. अर्थात कार्डावर हे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचं. सेक्टर ५१२ बाइटचाच हवा. कार्ड आधी नव्याने फॉरमॅट करा आणि या फाइली सगळ्यात पहिल्यांदा टाका. फाइल तुकड्यातुकड्यांत विखुरली तर वाचनाला उशीर लागतो. अडॅप्टर कार्डावरच लॉग फाइल लिहितो, तीत प्रत्येक इमेज सापडली का आणि सलग आहे का हे दिसतं. काहीही बिघडलं की आधी ती वाचावी.

आत हात घालण्यापूर्वी

आतले प्रोग्रॅम फ्लॉपीवर सेव्ह करा. बॅटरीचे तीन पेन्सिल सेल बाहेर काढून पाहा, गळलेले असतील तर पत्र्यावर हिरवट-पांढरा थर दिसतो. तो आत्ताच साफ करा. सेल बाहेर राहिले की बॅटरीवरची मेमरी जाईल हे गृहीत धरा. वायर भिंतीतून काढून थोडा वेळ थांबा. डिस्प्लेच्या मागच्या प्रकाशासाठी आत एक इन्व्हर्टर असतो, त्यावर यंत्र चालू असताना बऱ्यापैकी जास्त एसी व्होल्टेज असतं. उघड्या यंत्रावर मोजमाप करताना बोटं तिकडे नेऊ नका.

साडेतीन इंची डिस्कच्या ब्रॅकेटला इंचांच्या मापाचे स्क्रू लागतात, अडॅप्टरच्या बोर्डाला बहुधा ३ मिलिमीटरचे. दोन्ही जबरदस्तीने एकमेकांत फिरवले की आटे मरतात. बोर्ड नायलॉनच्या ठोकळ्यांवर उचलून बसवला. त्याखाली धातूचा पत्रा आहे आणि मागच्या बाजूला सोल्डरची टोकं उघडी असतात.

कार्ड बाहेरून काढता यावं म्हणून एक्स्टेन्शन पट्टी लावण्याचा मोह होतो. १५ सेंटिमीटरपर्यंत ठीक. त्याहून लांब पट्टीत कार्ड वाचताना चुका होतात आणि त्या चुका डिस्क खराब झाल्यासारख्या दिसतात.

वीज देण्याआधी सिंथमधल्या चार पिनी प्लगवर मल्टीमीटर लावा. पिवळ्यावर १२, लालवर ५, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. अडॅप्टरला फक्त ५ व्होल्ट हवेत आणि त्याचा प्लग फ्लॉपीसारखा छोटा असतो, म्हणून मधे रूपांतराची वायर लागते. तयार मिळणाऱ्या या वायरींत लाल-पिवळी उलट क्रिंप केलेली निघू शकते. पाच व्होल्टच्या बोर्डात १२ गेले की तो संपला, म्हणून वायर जोडून तिच्या पुढच्या टोकावर पुन्हा मोजा, मगच बोर्ड लावा.

रिबन केबल

लाल कडेची वायर म्हणजे पिन १. खाचेचा कनेक्टर असेल तर चूक होत नाही, पण जुन्या केबलींना खाच नसते. उलटी केबल लावली तर काय होतं हे समजून घेण्यासारखं आहे. या ५० पिनांच्या बसमध्ये सगळे सिग्नल सम पिनांवर आणि ग्राउंड विषम पिनांवर असतात. टर्मिनेटरला वीज देणारी लाइन २६व्या पिनवर आहे, आणि तिच्या समोरची २५वी पिन मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. केबल उलटी झाली की २६ची जागा २५ घेते, म्हणून वीज शॉर्ट होत नाही. पण बाकीचा प्रत्येक सिग्नल ग्राउंडला चिकटतो. बसवर सगळ्या लाइनी एकदम ओढलेल्या दिसतात आणि सिंथ डिस्क शोधताना अडकून बसतो. बोर्ड मेला असं समजू नका, बंद करून केबल पलटा.

टर्मिनेशन

वेळ जातो तो इथे, आणि 'डिस्क दिसते पण मोठी फाइल अर्ध्यात अडते' या तक्रारींचं मूळही बहुतेक वेळा इथेच असतं. नियम एवढाच: बसच्या दोन्ही टोकांना एकेक टर्मिनेटर, मधे एकही नाही. आत एक डिस्क आणि मागचं पोर्ट रिकामं असेल तर एक टोक डिस्क, दुसरं टोक सिंथचा बोर्ड. मागे काही जोडलं की बोर्ड मधे येतो आणि दुसरं टोक बाहेरच्या शेवटच्या यंत्रावर जातं.

सेकंडहँड यंत्रात तीस वर्षांत कुणी ना कुणी हात घातलेला असतो, त्यामुळे बोर्डवर टर्मिनेटर आहे की नाही हे ऐकून न ठरवता मोजा. वीज बंद, डिस्कची केबल काढलेली, मीटर ओहमवर. एक टोक पिन २६ला, दुसरं पिन २ला. जुन्या पद्धतीच्या टर्मिनेटरमध्ये प्रत्येक लाइनीला २२० ओहम वरच्या विजेला आणि ३३० ओहम ग्राउंडला असे रेझिस्टर असतात, अशा १८ लाइनी. त्या सगळ्यांचा एकत्रित परिणाम धरला तर एक टर्मिनेटर असताना मीटर १३७च्या आसपास दाखवतो, दोन असताना ७०च्या, तीन असताना ४५च्या. किलो-ओहम दिसले तर टर्मिनेटर नाही. इथे डिस्कविना १४०च्या जवळ आकडा आला, म्हणजे बोर्डवर एक आहे. मग अडॅप्टरचं टर्मिनेशन चालू करून तो दुसऱ्या टोकाला ठेवला. अडॅप्टरवरचं टर्मिनेशन सक्रिय पद्धतीचं असतं, त्याला ओहमची ही पट्टी लागू पडत नाही.

ते तपासायचं तर यंत्र चालू करून. बस शांत असताना पिन २ आणि ग्राउंडमध्ये २.६ ते ३ व्होल्ट दिसायला हवेत. पिन २६वर ४.२५पेक्षा कमी दिसलं तर टर्मिनेटरची वीजच अपुरी आहे. त्या लाइनीवर वाटेत डायोड आणि कधी फ्यूज असतो, तो पाहा.

फॉरमॅट आणि बूट मॅक्रो

संगणकावर फॉरमॅट करू नका, सिंथवरच करा. डिस्क मोडमध्ये 'करंट डिस्क'ला स्कझी क्रमांक निवडा आणि फॉरमॅट द्या. क्रमांक दोनदा वाचा, कारण एकदा हो म्हटलं की त्या इमेजवरचं सगळं गेलं. मग एक मोठा सॅम्पल संच सेव्ह करा, यंत्र बंद करून पुन्हा लोड करा आणि प्रत्येक सॅम्पल शेवटपर्यंत ऐका. बसवर डेटा चुकत असेल तर तो आवाजात टकटक किंवा चरचर म्हणून आधी कळतो, पडद्यावर संदेश नंतर येतो. फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागतं, तेव्हा नावांची पद्धत सुरुवातीलाच ठरवा.

सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मॅक्रो मिळतात. कोणत्या फाइली कुठे लोड करायच्या याची यादी 'बूट' नावाच्या मॅक्रो फाइलमध्ये ठेवून डिस्क मोडमधलं 'स्टार्टअप' त्या क्रमांकावर लावलं, की यंत्र चालू करताच संच येतो. के२०००मध्ये सॉफ्टवेअर चिपांवर असतं, त्यामुळे दुसरी आवृत्ती असणाऱ्यांनी चिप बदलूनच हे काम हाती घ्यावं. कार्डवाल्या डिस्कचा इथे आणखी एक फायदा दिसतो. फिरती डिस्क वेग घेईपर्यंत सिंथ तिला शोधून पुढे निघून गेलेला असू शकतो, कार्ड मात्र आधीच तयार असतं.

उरलेलं

झिप ड्राइव्हचा स्कझी क्रमांक ५ किंवा ६ एवढाच लावता येतो, आणि ६ सिंथचा आहे, म्हणून ५. त्याच्या मागचा टर्मिनेशनचा स्विच चालू करायचा आणि बोर्डवरचे रेझिस्टर पॅक सॉकेटमधून उपटायचे, त्यांच्या टोकाचा ठिपका कोणत्या बाजूला होता याचा फोटो काढून. मग मीटर पुन्हा पिन २६ आणि पिन २वर: सगळ्या केबली काढलेल्या असताना बोर्डवर आता किलो-ओहम यायला हवेत. ते आले की केबली लावून आतल्या इमेजवरून झिपवर मोठा संच कॉपी करायचा.